बोटं पुरत नाहीत, पहिली बासरी कोणत्या पट्टीची घ्यावी?

अमळनेरची_लेक
नमस्कार मंडळी. बासरी शिकायचं कॉलेजपासून मनात होतं, ते आता मुलगी दहावी झाल्यावर जमून आलंय. दर रविवारी जळगावला क्लासला जाते. सरांनी सगळ्यांना पांढरी तीनची (म्हणजे पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी हा जिचा सा) मोठी बासरी घ्यायला सांगितलीय, म्हणजे एकाच तंबोऱ्यावर सगळा वर्ग वाजवू शकेल. क्लासमधली एक बासरी हातात घेऊन पाहिली. वरच्या तीन छिद्रांवर डाव्या हाताची बोटं कशीबशी बसतात. खाली मात्र उजव्या हाताची अनामिका शेवटच्या छिद्राच्या नुसती काठाला टेकते. ती जरा पुढे सरकवली की मधलं बोट आपोआप उचललं जातं. सा, रे, ग छान लागतात. नी लागतो. ध कधी लागतो, कधी नाही. पंचम लावायला गेलं की नुसती फुस्स हवा.

हात मुळात लहान, बांगडी सव्वादोनची लागते. त्यात उजवी अनामिका लहानपणी दारात सापडली होती, तेव्हापासून ती पूर्ण ताणली जात नाही. वय त्रेचाळीस.

विचारायचं एवढंच, की लहान बासरी घेऊ का? घेतली तर कोणत्या पट्टीची? की रोज ताणून ताणून सवय होते? सर चांगले आहेत, त्यांना उलट उत्तर द्यायचं नाही, पण अंदाजाने पैसेही घालवायचे नाहीत.

भरीत_पार्टी
ताई, भरताचं एक मोठं वांगं रोज मुठीत धरून बसा, महिन्यात हात पसरेल. नाही पसरला तर भरीत करा, वाया काहीच जात नाही. 😄
बाकी जाणकार येतीलच. मी धागा वाचायला बसलोय.

गुरुजी_चोपडा
ताई, तुमचे सर योग्य सांगत आहेत. सुरुवात मोठ्या बासरीवरच करावी. लहान बासरीवर बोटं एकदा बसली की पुढे मोठीवर जाताना सगळं नव्याने शिकावं लागतं. फुंकही निराळी, अंतरही निराळं. शिवाय मोठ्या बासरीचा खर्जातला गोडवा लहानीत नाही. पन्नालाल घोषांनी एवढी लांब बासरी घडवली ती याच गोडव्यासाठी. तोवर बासरी म्हणजे लोकसंगीताचं, साथीचं वाद्य समजलं जायचं. ख्याल वाजवायचा, तर आवाजाला तसं वजन हवं. धीर धरा, हात उघडतो.

सातपुडा_वारा
गुरुजींबद्दल पूर्ण आदर ठेवून मी वेगळं मत मांडतो. पन्नालालजींनी (१९११–१९६०) लांब बासरी आणली तेव्हा ते मुळाक्षरं गिरवत नव्हते. त्यांचा हात तयार होता आणि मनात एक आवाज होता, त्या आवाजासाठी त्यांनी वाद्य बदललं. नवशिक्याची गरज उलटी असते. त्याला आधी सहाच्या सहा छिद्रं न गळता झाकता आली पाहिजेत. ती झाकलीच जात नसतील तर खर्जाचा गोडवा येणार कुठून?

आता मुद्द्याचं. आपल्याकडे बासरीची पट्टी वरची तीन छिद्रं झाकून येणाऱ्या सा वरून ठरते. पांढरी तीनची बासरी साधारण पाऊण मीटर लांब असते. पट्टी एकेका स्वराने, म्हणजे पेटीवरची पुढची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी, अशी वर नेली की प्रत्येक वेळी लांबी आणि छिद्रांमधलं अंतर अंदाजे सहा टक्क्यांनी कमी होतं. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते साठत जातात. पांढरी तीनवरून पांढरी पाचवर गेलं की तीन पायऱ्या होतात आणि अंतर जवळजवळ सहाव्या हिश्शाने घटतं. पांढरी सहाला पाव हिस्सा जातो. वरची पांढरी एक, जिला दुकानदार मीडियम म्हणतात, ती अठरा-एकोणीस इंचांची. तिथे अंतर मोठीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडं कमी.

माझ्याकडच्या पांढरी तीनवर चौथ्या छिद्राच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत सव्वासात सेंटीमीटर भरतात. त्या हिशोबाने पांढरी पाचवर सहाच्या आसपास, पांढरी सहावर साडेपाचच्या आत, पांढरी एकवर साडेचार. कारागिरागणिक फरक पडतो, म्हणून हे आकडे अंदाजाचे धरा.

तुम्ही असं करा. घरातलं लाटणं घ्या, जाडी साधारण बासरीएवढी असेल असं. उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका त्यावर सैल ठेवा. ताणायचं अजिबात नाही. बोटांच्या मांसल भागाखाली पेनाने खुणा करा आणि पहिल्या ते तिसऱ्या खुणेचं अंतर मोजा. तो तुमचा आकडा. पट्टी त्यावरून ठरवायची.

अमळनेरची_लेक
लगेच मोजलं. सैल ठेवून ५.३ आले, थोडं ताणून ५.८. सासूबाई विचारत होत्या की पोळ्या करायच्या वेळेला लाटण्यावर काय लिहितेस. 😊

तापीकाठ
५.३ म्हणजे पांढरी सहा. निकाल लागला. धागा बंद करा.

हाडांची_भाषा
धागा बंद करायची घाई नको. मी धुळ्यात फिजिओथेरपी करते. बासरी वाजवत नाही, पण हात रोज बघते.

ताई, एक गोष्ट आत्ता करून बघा. पंजा सरळ ठेवून बोटं फाकवा, फाकतात. आता मुठीपाशी, जिथून बोटं सुरू होतात त्या सांध्यात, बोटं काटकोनात वाकवा आणि मग फाकवायला जा. जवळजवळ फाकतच नाहीत. त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे बंध बोट वाकलं की ताठ होतात आणि बाजूची हालचाल अडवतात. सगळ्यांच्याच हातात असं असतं, तुमचा हात त्याला अपवाद नाही.

त्यामुळे बासरी धरताना बोटं कमानीसारखी वाकवून टोकांनी छिद्रं झाकायला गेलात तर असलेला ताणही तुम्ही स्वतःच कमी करता. बोटं बऱ्यापैकी सपाट ठेवा. मनगटही वाकवू नका.

मधलं बोट उचललं जातं त्याचंही कारण सांगते. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या शिरा हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात. अनामिकेला दूर ओढलं की शेजारीण थोडी हलतेच.

आणि गुरुजींच्या “हात उघडतो” बद्दल. सरावाने स्नायूंना सवय होते, नियंत्रण येतं, भीती जाते. हे सगळं खरं. पण त्रेचाळीसाव्या वर्षी हाडं वाढत नाहीत आणि जुन्या दुखापतीचा सांधा जोर लावून मोकळा होत नाही. उलट सुजतो. मुंग्या आल्या, सकाळी बोट अडकायला लागलं किंवा वाजवून झाल्यावर तासभर दुखत राहिलं, तर थांबून हात दाखवून घ्या. गरम पाण्यात पाच मिनिटं हात बुडवून मग वाजवायला बसलात तर बरं वाटेल, थंडीच्या दिवसांत तर नक्कीच.

गुरुजी_चोपडा
सांध्याच्या बंधांचं हे ठाऊक नव्हतं, आत्ता करून पाहिलं. खरं आहे. दुखापत असेल तर जोर करू नये, हे मान्य. पण सपाट बोटांचा सल्ला बासरीच्या दृष्टीनेही बरोबर आहे, तेवढं मला सांगू द्या. मोठ्या बासरीवर कोणीच बोटाच्या अगदी टोकाने छिद्र झाकत नाही. पेराचा मऊ भाग वापरतात. खालच्या हाताची मधली बोटं तर पुष्कळदा दुसऱ्या पेरावरही येतात. ताईंनी हे करून बघितलं आहे का? कदाचित पांढरी तीनही जमेल.

सातपुडा_वारा
गुरुजी, हा मुद्दा चोख. मीही पट्टी बदलण्याआधी पकडच तपासायला सांगायला हवी, असं म्हणेन. ताई, पुढच्या रविवारी त्याच बासरीवर हे बघा.

वरच्या तिघांवर सा धरा. तो स्वच्छ लागला की चौथं छिद्र झाका, नी. मग पाचवं, ध. मग सहावं, प. ज्या पायरीला आवाज फाटेल तिथे थांबून बोटं न हलवता अगदी जोरात दाबा, मग उचलून पेरं बघा. छिद्राचा गोल वण उठलेला दिसेल. पूर्ण गोल असेल तर ते बोट निर्दोष. अर्धा चंद्र असेल तर चोर सापडला. बहुतेक वेळा चोर सहाव्यावर नसतोच. सहाव्याकडे जाताना पाचवं किंवा अगदी वरचं तिसरं नकळत सुटलेलं असतं. हा जोराचा दाब फक्त तपासणीपुरता, एरवी बोट नुसतं टेकवायचं.

अंगठाही बघा. उजवा अंगठा तर्जनीच्या बरोबर खाली असेल तर तो जरा मधल्या बोटाकडे सरकवा, अनामिकेला तेवढीच ढील मिळते. आणि बासरी जमिनीला समांतरच पाहिजे असं नाही. उजवं टोक थोडं खाली झुकलं तरी चालतं. खांदा उतरतो, मनगट सरळ होतं.

शहाद्याची_सून
मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेल्या बासरीवर दिवसभर वाजवत असतो. ती ठीक आहे का शिकायला?

केळीबाग_रावेर
यात्रेतली बासरी म्हणजे आनंद! पण वहिनी, सुरांचा भरवसा नाही तिचा. काठीला खोचून विकतात त्यातल्या बऱ्याचशा बासऱ्यांना छिद्रं ठरावीक अंतरावर सरसकट पाडलेली असतात. बांबू मात्र कुठला जाड, कुठला बारीक, मग सूर कसे जुळणार? मोबाईलवर ट्यूनर लावून सा आणि प तपासा. दोन्ही जागेवर असतील तर नशीब, वाजवू द्या. नसतील तर पोराचा कान बिघडायच्या आत एक सुरात केलेली आणा. विद्यार्थ्यांसाठीची काही शे रुपयांत येते.

भुसावळ_जंक्शन
आणि यात्रेतल्या काहींना तोंडाला शिट्टी असते, पाव्यासारखी. त्यात फुंकलं की वाजतंच, ओठांचा अभ्यास होत नाही. मुलाला आडवी बासरी शिकायची असेल तर आडवीच द्या. फुंक लागायला त्रास होईल, थोडे दिवस चक्करही येईल, पण ते त्यातलंच.

नंदुरबारी_गडी
यात्रेचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे साक्री, नवापूर पट्ट्यात पावरी ऐकलीय का कोणी? सुकवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे कर्णा. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्र रात्र वाजते. वाजवणारा श्वास तोडत नाही, गाल फुगवून हवा साठवतो आणि नाकाने आत घेत राहतो. त्या माणसांची बोटं शेतात राबून जाड झालेली, नखं तुटलेली, पण छिद्रावर अशी बसतात की हवेचा कण सुटत नाही. मला वाटतं बोटांच्या लांबीपेक्षा बोटं मऊ टेकवणं महत्त्वाचं. दाबणारा माणूस लवकर थकतो.

तापीकाठ
पावरीवर वेगळा धागा काढ भो, खरंच काढ. खूप कमी लिहिलं गेलंय.

नंदुरबारी_गडी
काढतो. फोटो आणि रेकॉर्डिंगसकट.

दूरदेशी_खान्देशी
मूळचा पाचोऱ्याचा, सध्या आयर्लंडमध्ये आहे. इथे लाकडी बासरी वाजवतात, आपल्यासारखीच सहा छिद्रांची, पण बांबूची नसून आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाची. वजनाने जड. गंमत म्हणजे इथे पट्टी सगळी छिद्रं झाकून येणाऱ्या स्वरावरून सांगतात. इथली नेहमीची डी ची बासरी म्हणजे आपल्या हिशोबाने पांढरी पाच. ऑनलाइन परदेशी दुकानातून कोणी मागवणार असेल तर हे विचारून घ्या, नाहीतर भलतीच पट्टी घरी येईल.

इथेही लहान हातांचा प्रश्न तोच. इथले कारागीर दोन उपाय करतात. एक, शेवटचं छिद्र सरळ रेषेत न पाडता अनामिकेच्या बाजूला थोडं खाली वळवून पाडायचं. अनामिका तर्जनी-मधल्यापेक्षा वेगळ्या कोनात येते, त्यामुळे दोन-चार मिलिमीटर सरकवल्यानेही फार फरक पडतो. दोन, छिद्र फुंकीच्या बाजूला सरकवून ते आकाराने लहान करायचं. वर सरकवलं की सूर चढतो, लहान केलं की उतरतो, दोन्ही मिळून सूर जागेवर राहतो आणि अंतर कमी होतं. मोबदल्यात त्या स्वराचा आवाज थोडा दबतो.

पाश्चात्त्य धातूच्या फ्लूटने तर हा प्रश्न मुळातूनच सोडवला. थिओबाल्ड बोएम नावाच्या जर्मन वादकाने १८४७ मध्ये जी रचना केली तिच्यात छिद्रं आवाजाला हवी तिथे आणि हवी तेवढी मोठी ठेवली, आणि बोटांना पोचवायचं काम चाव्यांवर सोपवलं. पण चाव्या आल्या की आपली मींड गेली. बोट छिद्रावरून हळूहळू सरकवण्याची मजा त्यात कुठली!

सातपुडा_वारा
वा, फार कामाची माहिती. वळवलेलं छिद्र आपल्याकडचे बासरी करणारेही सांगितलं तर करून देतात. तयार बासरीत नाही मिळणार, ऑर्डर देताना सांगावं लागतं. छिद्र लहान करून घेण्याला मात्र माझा विरोध आहे. आपल्या बासरीवर शुद्ध मध्यम, कोमल ग, कोमल नी सगळे अर्ध्या छिद्रावर. छिद्र जितकं लहान तितकी अर्ध्याची जागा चिमुकली, बोट केसाएवढं हललं की सूर घसरतो. लहान हाताला पट्टी वरची घ्या, छिद्रं त्या पट्टीला शोभतील तेवढीच राहू द्या.

केळीबाग_रावेर
मी यापेक्षा स्वस्त वाट सांगतो. शेतात पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेलेच असतात. पातळ भिंतीचा, आतून पाऊण इंचाच्या आसपास रुंद असा तुकडा घ्या. एका टोकाला बूच, ड्रिलने छिद्रं, पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत. गावातल्या पोरांना मी अशाच करून देतो. बांबूचा गोडवा नाही, पण उन्हात तडकत नाही, पाण्याने धुता येते, आणि चुकली तर दुसरा तुकडा आहेच. ताई, तुमच्या लाटण्याच्या खुणा पाठवा, त्या मापाची एक करतो. आधी तिच्यावर हात बसवून बघा, मग बांबूचे पैसे खर्च करा.

भरीत_पार्टी
ठिबकच्या नळीची करू नका म्हणजे झालं, सहाच्या जागी साठ छिद्रं निघतील.

भुसावळ_जंक्शन
😂

गुरुजी_चोपडा
पीव्हीसीवर माप बघणं ठीक आहे, त्यावर वर्षभर शिकू मात्र नये. बांबूचा ओठाला होणारा स्पर्श वेगळा. आणि रावेरच्या भाऊंना एक विचारतो, सातपुड्यात एवढा बांबू असून तुम्ही बासरी बांबूची का करत नाही?

केळीबाग_रावेर
गुरुजी, आपल्याकडचा मानवेल भरीव असतो. काठीला, शिडीला, मांडवाला झकास. बासरीला पातळ भिंतीचा, पोकळ आणि दोन पेरांत लांब अंतर असलेला बांबू लागतो, कारण अख्खी बासरी एकाच पेराची काढायची असते. तसा बांबू आसामकडून येतो. उत्तर प्रदेशात पिलीभीतला बासऱ्या करण्याचा एवढा मोठा धंदा चालतो, तोही आसामच्या बांबूवरच.

भुसावळ_जंक्शन
बांबू घ्या, पण आपल्या उन्हाळ्याचा विचार करून घ्या. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क. बासरीला उभी चीर जाते आणि एकदा चीर गेली की फुंक लागत नाही. घेतानाच दोन्ही टोकांना आणि मध्ये दोऱ्याचे घट्ट वेढे असलेली घ्या. गाडीत, खिडकीत ठेवू नका. महिन्यातून एकदा आतून मोहरीचं किंवा बदामाचं तेल कापडाने फिरवा. हलका हात फक्त. तेल ओतायचं नाही.

आणखी एक. दुपारी ट्यूनर लावून बासरी खराब आहे म्हणून परत करू नका. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, अंशामागे सेकंदाला ०.६ मीटर, त्यामुळे उन्हाळ्यात बासरी चढीच वाजते. पेटीबरोबर वाजवताना हे फार जाणवतं. सकाळी तपासा.

अमळनेरची_लेक
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रविवारी क्लासमध्ये सगळं करून पाहिलं. बोटं सपाट केल्यावर वरचा हात एकदम मोकळा झाला. ध आता दर वेळी लागतो. पंचम मात्र नाही. वण बघितला, अनामिकेवर अर्धा चंद्र, मधल्यावर पूर्ण गोल. अंगठा सरकवून पाहिला, अनामिका पाऊण छिद्रापर्यंत गेली, पण मग सांध्यात कळ आली. हाडांची_भाषा ताईंनी लिहिलंय तसं थांबले.

सरांना सगळं दाखवलं. त्यांनी स्वतः माझा हात धरून बघितला आणि म्हणाले, तुम्ही पांढरी तीन नका घेऊ. पण मग अडचण अशी की वर्ग पांढरी तीनच्या तंबोऱ्यावर. मी पांढरी सहा घेतली तर माझा सा वेगळा. कोणी म्हणालं, पांढरी तीनचीच अर्ध्या लांबीची, एक सप्तक वरची घ्या, म्हणजे तंबोरा तोच. ते कसं वाटतं?

तापीकाठ
अर्ध्या लांबीची घेऊ नका. ऐकणाऱ्यांचे कान आणि तुमची बोटं दोघांनाही त्रास.

सातपुडा_वारा
हिशोबाने तंबोरा जुळतो, हे खरं. लांबी निम्मी झाली की सूर एक सप्तक वर जातो. पण अंतरही निम्मं होतं, म्हणजे तुमची तीन बोटं साडेतीन सेंटीमीटरच्या जरा वर मावायला हवीत. सव्वादोनची बांगडी असली तरी बोटं मोठ्या माणसाचीच आहेत, ती एकमेकांवर चढतील. आवाजही कर्कश होतो, तार सप्तक तर घरच्यांना सोसणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ती चालेल, तुम्हाला नाही.

पांढरी सहाच घ्या. घरी रियाज मोबाईलच्या तंबोऱ्यावर त्या पट्टीत करा. वर्गात सरांना विचारा की एकेकाचं ऐकताना तेवढ्यापुरती पट्टी बदलतील का. बदलायला एक बटण लागतं. सगळे मिळून वाजवतात तेव्हा तुम्ही बोटं फिरवा, फुंकू नका, मनात सरगम म्हणा. तोही अभ्यास आहे. सहा महिन्यांनी पांढरी पाच हातात घेऊन बघा. तुमचा ताणून आलेला आकडा ५.८ आहे, ती सहाच्या आसपास आहे. पकड सुधारली की ती कदाचित न ताणताच येईल.

हाडांची_भाषा
कदाचित. आली नाही तरी बिघडत नाही. पांढरी सहावर आयुष्यभर वाजवता येतं.

गुरुजी_चोपडा
येतं. आणि मी वर जे म्हणालो की लहानीवरून मोठीवर जाताना सगळं नव्याने शिकावं लागतं, त्याला एक पुरवणी जोडतो. हरिप्रसाद चौरसिया चांगले नावारूपाला आल्यावर अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले, तेव्हा त्यांनी उजव्या बाजूची बासरी डाव्या बाजूला घेतली आणि हात पूर्ण उलटे करून पुन्हा पहिल्यापासून बसवले. त्या मानाने पांढरी सहावरून पांढरी पाचवर जाणं काहीच नाही. ताई, घ्या तुम्ही पांढरी सहा.

यावरून सुचलं, उजवी अनामिका दुखरी आहे तर हात उलटे का करत नाही? डावा हात खाली, उजवा वर. नवशिक्याला दोन्ही सारखंच अवघड. आपल्या बासरीला चाव्या नाहीत, छिद्रं सरळ रेषेत, कोणत्याही बाजूने धरता येते. वरच्या हातातल्या बोटांना ताण थोडा कमी पडतो असा माझा अनुभव आहे.

दूरदेशी_खान्देशी
गुरुजी, हे लाख मोलाचं सुचवलंत. फक्त बासरी वळवलेल्या छिद्राची करून घेणार असाल तर हात आधी ठरवा. एका हातासाठी वळवलेलं छिद्र दुसऱ्या हाताला अजिबात चालत नाही.

अमळनेरची_लेक
हात उलटे करून आत्ता लाटण्यावर ठेवून पाहिले. डावी अनामिका सैल ५.६ पर्यंत जाते! उजवीपेक्षा जास्त. आणि उजव्या हाताला वर कळ येत नाही, कारण तिथे मनगट आपोआप सरळ राहतं. सरांना विचारलं फोनवर, ते म्हणाले अजून काही बसलेलं नाही, खुशाल बदला.

मग ठरलं. पांढरी सहा, सरळ छिद्रांची, दोऱ्याचे वेढे असलेली. विक्रेत्याला फोन करून चौथ्या ते सहाव्याचं अंतर विचारलं. आधी त्याने सांगितलं, ताई, असं कोणी मोजत नाही. मग मोजपट्टी घेऊन मोजलं आणि ५.४ सांगितलं. बाहेरची जाडीही विचारली, लाटण्यापेक्षा बारीक आहे. रावेरच्या भाऊंची पीव्हीसीची पण येऊ द्या, ती मुलगी मागतेय.

केळीबाग_रावेर
पाठवतो. बठ्ठं बेस व्हई, ताई.

शहाद्याची_सून
माझ्या मुलाचं राहिलंच. लाटण्यावर मोजलं, सैल ३.८ येतात. मग त्याला कोणती?

सातपुडा_वारा
३.८ म्हणजे वरची पांढरी तीन हाताला अगदी बेताची. ती अर्ध्या लांबीची, वर ताईंना नको म्हटलं तीच. वरची पांढरी एक साडेचारची, ती आत्ता ताणली जाईल. वरची पांढरी तीनच घ्या, स्वस्तातली पण सुरातली. बोटं वाढत्या वयाची आहेत, दर सहा महिन्यांनी लाटण्यावर मोजत राहा, साडेचारला पोचला की पांढरी एक. यात्रेतली काढून घेऊ नका त्याच्याकडून, खेळायला राहू द्या. आणि विकत घेताना त्यालाच घेऊन जा, दुकानात सहाही बोटं ठेवून प वाजला तरच पैसे द्या.